शेंडीपासून तयारी

मागच्या महिन्यात पुतणीच्या लग्नाची पहिली बैठक आमच्या सांगलीच्या घरी झाली. बैठक म्हणजे सतरंजीवर दहा माणसं, मध्ये पोह्यांच्या रिकाम्या बश्या आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. मांडववाला आला तेव्हा कार्यालय ठरलेलं नव्हतं, गुरुजी ठरलेले नव्हते, माणसांचा आकडा तीनशे ते नऊशेच्या मध्ये कुठंतरी हेलकावे खात होता. मांडववाल्यानं सगळं ऐकून घेतलं, वही मिटली, पेन खिशाला लावलं आणि म्हणाला, “म्हणजे संन्याशाच्या लग्नाला शेंडीपासून तयारी आहे म्हणा की!” सगळे हसले. मीही हसलो. आई हसली नाही. ती कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. एक्याऐंशी वर्षांची आहे, हल्ली तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे ऐकू गेलं नसेल असं मी धरून चाललो. पण तिचा उजवा हात सावकाश वर गेला, टाळूवरून एकदा मागं फिरला आणि परत मांडीवर येऊन बसला.

ते काही माझ्या डोक्यातून जाईना.

ती खूण आईची नव्हती, ती स्वामीआजोबांची होती. ही म्हण त्यांच्यासमोर कुणी उच्चारली की ते दचकल्यासारखं करायचे, तुळतुळीत डोक्यावरून हात मागं न्यायचे आणि म्हणायचे, “अजून उगवली नाही हो. उगवली की कळवतो.” घरातल्या आम्हा पोरांना हे इतकं आवडायचं, की आम्ही मुद्दाम ती म्हण कुठंही घुसडायचो. अभ्यासाला बसायचं? पाटी नाही, पेन्सिल नाही, संन्याशाच्या लग्नाला शेंडीपासून तयारी! आणि मग सोप्याकडे बघायचं, हात डोक्याकडे जातो का ते. दर वेळी जायचा. ते माणूस म्हणून किती विरक्त होते मला माहीत नाही, पण पोरांचा विनोद चाळिसाव्यांदा ऐकूनही तितकंच हसायचं, याला काहीतरी साधना लागत असणार. मला स्वतःच्या मुलांच्या बाबतीत ते जमलेलं नाही.

ते आमच्याकडे पहिल्यांदा आले १९७९ साली. मी दुसरीत होतो. बाबांनी आणलं त्यांना, नरसोबाच्या वाडीहून. बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे आणि दर पौर्णिमेला एसटीनं वाडीला जायचे. भक्तीनं नव्हे. निदान ते तसं कबूल करायचे नाहीत. बासुंदीसाठी जातो म्हणायचे. एका पौर्णिमेला घाटाच्या पायऱ्यांवर एक संन्यासी पेढ्यांच्या पुड्याचा कागद उलगडून, त्यावरची जुनी बातमी नाकाजवळ धरून वाचत बसलेला दिसला. बाबांना कुणी काही वाचताना दिसलं की राहवत नसे. बोलणं निघालं ते पंचांगावर आणि पंचांगावरून अधिक मासावर. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५ दिवसांचं, अकरा दिवसांची तूट दरवर्षी साचत जाते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना घालून हिशेब मिटवावा लागतो, हे बाबा शाळेत पोरांना सांगून थकले होते. इथं एक माणूस भेटला, जो हे ऐकून म्हणाला, “मास्तर, तूट दरवर्षी येते तर ती एकदम भरायची कशाला? रोज थोडी थोडी का नाही?” बाबांची परतीची एसटी चुकली. त्या दिवसापासून ते बाबांना मास्तर म्हणायचे आणि आईला माई. आम्ही सगळे बाळ. बाबा त्यांना महाराज म्हणायचे, ‘नमो नारायणाय’ करायचे, ते ‘नारायण’ म्हणायचे आणि मग दोघं दाते पंचांग बरोबर की टिळक पंचांग, यावर भांडायला बसायचे.

चातुर्मासाचा तर बाबांना फारच अचंबा होता. संन्याशाचा चातुर्मास आषाढी पौर्णिमेला व्यासपूजेनं बसतो आणि भाद्रपदी पौर्णिमेला उठतो. म्हणजे महिने दोनच. कारण काय, तर यतीनं पंधरवड्यालाच महिना मानावा. चार पंधरवडे, झाले चार महिने. “चार महिन्यांचं काम दोन महिन्यांत, आणि तेही शास्त्राला धरून! असा हेडमास्तर मला का मिळत नाही?” बाबा म्हणायचे. त्या दोन महिन्यांत स्वामीआजोबा वाडीतून हलायचे नाहीत आणि वस्तराही लावायचे नाहीत. कृष्णेला पूर आला, पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडायला लागलं की वाडीत लोकांची झुंबड उडते. त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला बाबा मला घेऊन जायचे. गढूळ, गार, पायाखालची पायरी न दिसणारं पाणी. आणि त्यात छातीपर्यंत उभे स्वामीआजोबा, डोक्यावर पांढऱ्या केसांचे खुंट. मला ते एकदम कुणीतरी साधे म्हातारे वाटायचे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारासारखे. मी एकदा हात लावून बघितला होता त्या डोक्याला. नारळाच्या काथ्यासारखं लागलं.

भाद्रपद संपला की ते फिरायला मोकळे व्हायचे आणि सांगलीला आमच्याकडे यायचे, दोन दिवस, फार तर तीन. पैशाला हात लावायचे नाहीत. वाडीतलं कुणीतरी कंडक्टरला सांगून एसटीत बसवून द्यायचं. एक झोळी, एक कमंडलू, दोन भगव्या छाट्या. छाटी मोरीजवळच्या दगडावर धुतली की कावेचं तांबूस पाणी फरशीवरून ओघळत जायचं. आई बाकीचे कपडे घाईनं उचलून घ्यायची. तरी माझा एक शाळेचा सदरा सापडलाच. वर्षभर मी गुलाबी छटेचा पांढरा गणवेश घालून फिरलो.

संन्यासी अग्नीला शिवत नाही. म्हणजे स्वयंपाक करायचा नाही, भिक्षेवर राहायचं. मी विचारलं होतं, “मग चहा कसा चालतो?” ते म्हणाले, “मी कुठं करतो? माई करते.” आईला त्यांची भिक्षा म्हणजे परीक्षाच वाटायची. आदल्या दिवसापासून तयारी. पुरण, कटाची आमटी, कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी, भजी, कोशिंबीर, वर बाबांनी वाडीहून आणलेली बासुंदी. कांदा-लसूण नाही, पण बाकी काही कमी नाही. मग ते पानावर बसायचे, चित्राहुती घालून आपोशन घ्यायचे आणि सगळं एकत्र करायचे. सगळं. पुरणपोळी कुस्करायचे, त्यावर आमटी, त्यात भाजी, त्यात कोशिंबीर, त्यात बासुंदी आणि वरून तांब्यातलं पाणी. पाच बोटांनी निवांत कालवायचे, माती भिजवावी तसं. करडा-पिवळा गोळा. जिभेला चव कळू द्यायची नाही, अन्न औषधासारखं घ्यायचं, म्हणून. आम्ही पोरं श्वास रोखून बघत असू, आणि मी स्वयंपाकघराच्या दाराकडेही बघत असे, कारण तिथं आई उभी असायची. दर वर्षी तिच्या चेहऱ्यावर तेच. इतकं करायचं ते कुणीतरी असं कालवून टाकावं म्हणून? पण ती काही बोलायची नाही. आणि एका वर्षी हात धुताना ते सहज म्हणाले, “माई, गोडा मसाला यंदा घरचा नाही का?” खरंच नव्हता. दगडफूल मिळालं नाही म्हणून आईनं शेजारून आणला होता. आई आत गेली आणि बराच वेळ तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला. चव मारायची म्हणतात आणि मसाला ओळखतात! ही गोष्ट तिनं पुढं अख्ख्या गल्लीला सांगितली.

आजीचं मात्र त्यांच्याशी कधी जमलं नाही.

आजी म्हणजे बाबांची आई, माहेर इचलकरंजीचं. लाल आलवण नेसलेली शेवटची बाई आमच्या गल्लीतली. तिचा थोरला भाऊ तरुणपणी ‘काशीला जाऊन येतो’ म्हणून जो गेला तो आलाच नाही. त्यामुळे घर सोडलेला कुठलाही पुरुष तिच्या लेखी पळपुटा. “आळंदीच्या विठ्ठलपंतांना निदान परत तरी पाठवलं गुरूनं,” ती म्हणायची. ती स्वामीआजोबांच्या पाया पडायची नाही. आणि तिचा दुसरा मुद्दा त्याहून अवघड होता. त्यांच्या हातात दंड नव्हता. दंडी स्वामी असते तर आजीचा प्रश्नच मिटला असता. दंड नाही म्हणजे जात कोण जाणे. बाबा म्हणाले, “आई, संन्याशाला जात नसते.” आजी म्हणाली, “आता नसते रे. पण आधी होती ना?” या वाक्याला बाबांकडे उत्तर नव्हतं. गणिताच्या मास्तरांना इतकं बिनतोड कुणी कधी बोललं नसेल. शेवटी तडजोड अशी झाली, की स्वामीआजोबांचा पाट स्वयंपाकघरात नाही, सोप्यात मांडायचा. “इथं वारा छान येतो,” ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे. मला वाटतं कळलं होतं. ही गोष्ट लिहिताना मला अजूनही अवघडल्यासारखं होतं, पण ती गाळून लिहिलं तर घर आमचं वाटणार नाही.

त्यांच्या पूर्वाश्रमाबद्दल विचारायचं नाही, ही बाबांची सक्त ताकीद. त्यामुळे आम्ही रात्री गच्चीवर झोपल्यावर त्यावरच बोलायचो. थोरल्या चुलतभावाचं म्हणणं, ते पोलिसात होते आणि त्यांच्या हातून कुणीतरी मेलं. बहिणीचं म्हणणं, प्रेमभंग. मी मात्र एकदा धीर करून आडवळणानं विचारलंच. त्यांनी सांगितलं होतं की संन्यास घेताना माणूस स्वतःचंच श्राद्ध घालतो. शेंडी काढायची, जानवं असेल तर तेही टाकायचं, आपल्या हातानं आपले पिंड द्यायचे, मग नवं नाव. मी विचारलं, “मग कावळा शिवला का?” बाबांनी डोळे वटारले. स्वामीआजोबा आधी गप्प झाले, आणि मग इतके हसले, इतके हसले, की छाटीच्या टोकानं त्यांना डोळे पुसावे लागले. “थांबलोच नाही रे बघायला,” ते म्हणाले. “घाई होती.” कसली घाई होती, हे विचारायचं मला सुचलं नाही. सात-आठ वर्षांच्या पोराला कसं सुचणार? आणि सुचण्याच्या वयात आलो तेव्हा मी त्यांच्याशी फारसा बोलत नव्हतो.

एक दिवस मात्र असा आला, की आम्हाला काहीतरी कळायला हवं होतं. आईचं शिवणयंत्र बंद पडलं होतं. दिवाळी तोंडावर, फॉल-बिडिंगच्या साड्यांचा ढीग पडलेला, आणि दुरुस्तीवाला उद्या उद्या करत होता. स्वामीआजोबांनी यंत्राचं झाकण काढलं, आत डोकावले. पट्टा सैल, सुई बोथट, तेलाचा थेंब नाही. “माई, हे तर माझ्या लग्नासारखं झालं,” म्हणाले आणि हात डोक्यावर. पण नंतर दोन तास त्यांनी मान वर केली नाही. बाबांच्या सायकलचं तेल, पक्ष्याचं पीस, जुनं फडकं. आतून दोऱ्याच्या गुंत्यांचा एक काळा बोळा निघाला, उंदराच्या पिल्लाएवढा. यंत्र चालू झालं, आणि चालवून बघताना दोरा तुटला. इथं मी जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. त्यांचा उजवा हात यंत्राच्या चाकावर होता. डाव्या हातात दोऱ्याची दोन्ही टोकं आली, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवरून एकदा घसरली, मधलं बोट कुठंतरी आत जाऊन बाहेर आलं, आणि गाठ बसलेली. पापणी लवायच्या आत. उरलेलं टोक त्यांनी नखानं खुडलं. त्यांनी हाताकडे बघितलंसुद्धा नव्हतं; ते आईशी बोलत होते.

समोर आजी वाती वळत बसली होती. तिचा हात थांबला. ती त्यांच्या बोटांकडे बघत राहिली, मग पुन्हा वाती वळायला लागली. त्या दिवसानंतर आजीनं त्यांच्या जातीचा विषय काढला नाही. पाट सोप्यातच राहिला, ती पायाही पडली नाही. फक्त विचारणं थांबलं.

आजी १९९१ ला गेली. स्वामीआजोबा आले ते चौदाव्या दिवशी. सोप्यात बसले, बाबांशी बोलले, आजीच्या ताकाची आठवण काढली. त्यानंतरच्या वर्षी आईनं पाट आत स्वयंपाकघरात मांडला. ते आत आले, पाटाकडे बघितलं, पाट उचलला आणि स्वतःच बाहेर सोप्यात नेऊन ठेवला. “माई, वारा,” इतकंच म्हणाले.

आणि मग १९९८ चा डिसेंबर. बाबा शाळेतून आले, चप्पल काढता काढता खाली बसले आणि गेले. साठीही उलटली नव्हती. घरात ते जे काही असतं ते सगळं. शेजारून पिठलं-भात येत होता, आई तीन दिवस जेवली नव्हती. पाणी तेवढं घ्यायची, तेही बहिणीनं ओठांना लावलं तर. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला दारात भगवं दिसलं. सत्तरीच्या पुढचे होते ते तेव्हा. एसटी स्टँडवरून चालत आले होते, पायांना धूळ, ओठ सुकलेले. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. आत्मा अमर आहे वगैरे. मी त्यासाठी दात-ओठ आवळून तयार होतो. ते उंबऱ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, “माई, भिक्षा आहे का?”

आई उठली. तीन दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून उठली. तिनं सोप्यात पाट मांडला, शेजारच्यांचं पिठलं-भात वाढलं. ते बसले, पण हात पुढं करेनात. “तुम्ही पान घ्या, मग मी सुरू करतो,” म्हणाले. आई म्हणाली, नको. ते म्हणाले, बरं, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पानावरच्या भाताची वाफ गेली. पिठल्यावर साय धरली. मी सव्वीस वर्षांचा होतो, बाप जाऊन तीन दिवस झाले होते, आणि हा माणूस आमच्या सोप्यात जेवायला बसला होता, वर आईला अट घालत होता. मी बहिणीला म्हणालो, पण त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “यांना सुतक नाही, भूक तेवढी आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “हो बाळ,” म्हणाले, “भूक आहे.”

आईनं पान घेतलं. त्यांच्यासमोर, थोडं अंतर सोडून बसली आणि चार घास जेवली. ते नेहमीसारखं कालवून जेवले. बाबांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. जाताना खुंटीवर टांगलेल्या बाबांच्या पंचांगाकडे क्षणभर बघितलं, तेवढंच. मी त्यांना पोचवायला स्टँडवर गेलो नाही, चुलतभाऊ गेला. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा लगेच शिवला, तेव्हा मला त्यांची आठवण आली, आणि आली याचाही राग आला.

तो राग पुष्कळ वर्षं टिकला. मग केव्हातरी एका वर्षश्राद्धाला आलेल्या गुरुजींशी बोलता बोलता कळलं, की यतीनं सुतकाच्या घरचं अन्न घ्यायचं नसतं. त्याला स्वतःला सुतक नसतं हे खरं, पण म्हणून तिथली भिक्षा चालत नाही. मला आजीच्या वेळचा चौदावा दिवस आठवला. म्हणजे त्यांना नियम माहीत होता. म्हणजे त्या दिवशी ते आईला जेवू घालायला आले होते, असं मी स्वतःला सांगितलं आणि मला फार बरं वाटलं. पण हेही तितकंसं सरळ नाही. ते सुकलेले ओठ मी बघितले होते. ‘भूक आहे’ म्हणताना ते काही नाटक करत नव्हते. त्यांचा मित्र गेला होता, ज्याच्याशी वीस वर्षं अधिक मासावर भांडले तो गेला होता, आणि स्वतःचे पिंड देऊन बसलेल्या माणसाला त्यासाठी रडायचीही सोय नव्हती. तो बहुधा दुसरं काही करता येईना म्हणून जेवायला आला असेल. मी हे सगळं उलटसुलट करून बघतो. दोन्ही बाजूंनी बसतं.

त्यानंतर ते नर्मदेकडे गेले ते तिकडचेच झाले. ओंकारेश्वर, नेमावर, महेश्वर, गरुडेश्वर अशी ठिकाणं वरच्या कोपऱ्यात लिहिलेली पोस्टकार्डं यायची, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात, खाली त्यांची वाकडी सही. मजकूर एकच: नर्मदामाईची कृपा, माईंना नारायण, बाळांना नारायण. २००६ मध्ये पन्नास पैशांचं एक कार्ड आलं, त्यात ‘ब्रह्मीभूत झाले’ असं होतं. जलसमाधी दिली, षोडशीचा भंडारा झाला. कार्ड पोचेपर्यंत या गोष्टीला वीस दिवस होऊन गेले होते. आईनं ते दोनदा वाचलं. मग मला विचारलं, “आंघोळ करायची असते का रे?” मी म्हणालो, संन्याशाचं कुणालाच सुतक नसतं, आई. ती ‘हं’ म्हणाली. थोड्या वेळानं न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. डोक्यावरून घेतली होती तिनं. मी काही बोललो नाही, तिनंही काही सांगितलं नाही. दुपारचे तीन वाजले होते.

पोस्टकार्डं आता नाहीत. आमचं घर गावभागात. आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेलं की आम्ही सामान माळ्यावर चढवायला लागतो, पण २०१९ ला माळाही पुरला नाही. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर आत पत्रांचा, अल्बमचा, बाबांच्या पंचांगांचा एकच लगदा होता, करडा-पिवळा. फावड्यानं काढावा लागला. फोटो त्यांचा तसाही नव्हताच. बहिणीच्या मुंजीतल्या, म्हणजे बहिणीच्या मुलाच्या मुंजीतल्या एका फोटोत कडेला अर्धा भगवा खांदा आला होता, तो आम्ही त्यांचा फोटो म्हणून जपला होता. तोही गेला.

आणि इचलकरंजीची गोष्ट सांगायची राहिली. मी बँकेत होतो, २०११ साली यंत्रमागाच्या कर्जाच्या तपासणीला तिकडे जायचो. आजीच्या माहेरच्या गावात, पण तिच्या माहेरचं तिथं आता कुणी नाही. मागाच्या शेडमध्ये शिरलं की कानांवर खडखडाट आदळतो, बोललेलं ऐकू येत नाही, नाकात कापसाची बारीक तूस जाते, घशात कांजीचा आंबूस वास बसतो. एका मागावर ताण्याचा धागा तुटला. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कामगारानं माग थांबवला, डावा हात आत घातला, आणि अंगठा-तर्जनी एकमेकांवरून घसरली, मधलं बोट आत जाऊन बाहेर आलं. टोक नखानं खुडलं. माग सुरू. मी त्याला हातानं खूण करून बाहेर बोलावलं आणि म्हणालो, परत करून दाखवा. त्यानं दाखवलं. मी म्हणालो, हळू. तो हसला. हळू करायला गेला तर गाठ सुटली, पुन्हा सुटली. “हळू केली की येत नाही साहेब,” तो म्हणाला. “बघितलं की येत नाही. लहानपणी बसते हातात, मग जात नाही.”

शेंडी गेली होती, जानवं असलं तर गेलं होतं, नाव गेलं होतं, पिंड देऊन झाले होते. आणि डाव्या हाताची तीन बोटं मात्र मागावरच राहिली होती. आजीनं लहानपणी इचलकरंजीत घरासमोरच्या मागांवर ती गाठ रोज बघितली असणार. तिला त्या दुपारी एका क्षणात सगळं कळलं होतं: गाव, गल्ली, जात, कदाचित घरही. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. बाबांना सांगितलं नाही, हे तर नक्कीच, नाहीतर त्यांच्या बोलण्यात आलं असतं. जातीची इतकी पक्की बाई, कळल्यावर गप्प बसली. पाट न हलवता गप्प बसली. मला तिचं हे वागणं अजून नीट लावता येत नाही.

ती गाठ शिकायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. मोबाइलवर व्हिडिओ बघून केला, एसटीत बसून पँटच्या सुटलेल्या दोऱ्यावर केला. येत नाही.

बैठकीनंतर चार दिवसांनी मी आईला विचारलं, “परवा तो मांडववाला बोलला ते तुला ऐकू आलं होतं?” ती हळदी-कुंकवाच्या पुड्या दोऱ्यानं बांधत होती. आमंत्रणाबरोबर द्यायच्या म्हणून पाचशे पुड्या बांधायचं तिनं स्वतःच अंगावर घेतलं आहे. “कोण मांडववाला?” ती म्हणाली. मी म्हण म्हणून दाखवली. तिचा हात वर जायला निघाला, पण हातात पुडी होती. “आजींना ठाऊक होतं,” ती म्हणाली. मी म्हणालो, “काय ठाऊक होतं?” तेवढ्यात दोरा तुटला. तिनं दोन्ही टोकं डाव्या हातात धरली. सांध्यांनी वाकलेली बोटं, अंगठा तर्जनीवरून घसरला, मधलं बोट आत गेलं. मी श्वास रोखला. तिनं दोरा ओढून बघितला, आणि गाठ सुटली. जिभेनं ‘च’ केलं तिनं, दोन्ही हातांनी साधी निरगाठ मारली, दातानं टोक तोडलं.

“तू बघत बसू नकोस,” ती म्हणाली. “यादी कुठवर आली?”